पाळीवरून दिसणारी राजधानी

बोदलकशाच्या तलावाची पाळ उभी राहिली जंगलात, पण तिचा निर्णय झाला नागपुरात. तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या डोंगरांजवळ, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा तलाव बांधला गेला. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यात होता, भंडारा मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. आता थंडीत इथे पक्षी पाहायला माणसं येतात, सकाळी चोरखमाऱ्याला नाहीतर नागझिऱ्याला जाऊन येतात. त्यांतली पुष्कळशी नागपूरवरून आलेली असतात. शहरातून बाहेर पडताना त्यांना सीताबर्डीची टेकडी दिसते, विधानभवनही कधी दिसतं. त्या इमारतींमध्ये एकेकाळी या तलावांच्या मुलखाचं भवितव्य ठरत होतं, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

नागपूर जवळपास अडीचशे वर्षं राजधानी होतं. आधी गोंडांची, मग भोसल्यांची, मग इंग्रजांची आणि शेवटची काही वर्षं स्वतंत्र भारतातल्या एका मोठ्या राज्याची. इंग्रजांनी आपली वेगळी वस्ती वसवली, पण आधीच्या वस्तीवर नाही. ती तिच्या पश्चिमेला सरकून बसली. म्हणून महाल या जुन्या वस्तीतून पायी निघून सीताबर्डीवरून सिव्हिल लाइन्सपर्यंत गेलं, की शतकं ओळीने लागत जातात. भारतातल्या फार थोड्या शहरांत इतिहास इतका सरळ रस्त्यावर मांडलेला आहे.

सुरुवात देवगडच्या गोंड राज्यापासून होते. देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात. तिथला राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि आपली गादी पक्की केली. दिल्लीचं वैभव पाहून आलेल्या या राजाला डोंगरातला किल्ला पुरेसा वाटला नसावा. त्याने खालच्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखाकडे लक्ष वळवलं. नाग नदीच्या काठी राजापूर बारसा या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी होती. ती एकत्र करून १७०२ च्या सुमारास त्याने नागपूर वसवलं. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना त्याने धर्म न पाहता बोलावून जमिनी दिल्या, असं इंग्रजांच्या काळातल्या जमाबंदीच्या अहवालांनीही नोंदवून ठेवलं आहे.

त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाने राजधानी देवगडहून नागपूरला आणली. शहराभोवती तट घातला आणि पाणी अडवून जुम्मा तलाव बांधला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला, आणि आता गांधीसागर. तटाचा एक दरवाजा आजही महालात उभा आहे. त्यालाही पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणत, आता गांधी गेट म्हणतात. त्याच्या कमानीखालून दिवसभर रिक्षा आणि दुचाक्या जातात. नागपूरचं सर्वांत जुनं राजकीय स्मारक हेच, आणि पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असतं. हे बरोबर नाही. शहराची सुरुवात इथून आहे.

राजधानी वसवताना तलाव बांधायचा, ही गोंड राजांची रीत पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात आणखी ठळक दिसते. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन द्यायची, असं धोरण चांद्याच्या गोंड राजांनी ठेवलं होतं, असं परंपरा सांगते. तलाव बांधण्याची कला होती कोहळी समाजाकडे. त्यांना गोंड राजाने काशीच्या बाजूने आणवलं, ही आठवण भंडारा–गोंदियात अजून सांगितली जाते. नवेगाव बांधच्या विशाल तलावाशी कोलू पाटील कोहळी हे नाव जोडलेलं आहे. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, आणि रोवणीनंतर पाऊस दडी मारून बसला की ते पाणी बांध्यांमध्ये सोडायचं. या एका युक्तीवर इथला धान जगत आला. बोदलकसा पुढे सरकारी इंजिनिअरांनी बांधला, तरी डोंगरांचा आधार घेऊन पाणी अडवण्याची ही युक्ती कोहळ्यांनी या मुलखात आधीच रुजवून ठेवली होती.

१७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि गादीसाठी भांडण लागलं. विधवा राणीने वऱ्हाडातल्या रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजींनी तंटा मिटवला, मोबदला घेतला आणि परत गेले. पण गोंड राजपुत्रांचं पुन्हा बिनसलं. १७४३ मध्ये रघूजी दुसऱ्यांदा आले ते राहायलाच. गोंड राजाला त्यांनी पदच्युत केलं नाही. राजा म्हणून मान ठेवला, नेमणूक ठेवली आणि कारभार आपल्या हाती घेतला. गोंड राजाचं घराणं त्यानंतरही नागपुरातच राहिलं.

भोसल्यांच्या काळात नागपूर खऱ्या अर्थाने मोठ्या राज्याची राजधानी झालं. भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन छत्तीसगडात उतरले, तिथून पुढे बंगालवर स्वाऱ्या झाल्या. १७४४ मध्ये अलीवर्दी खानाने भास्करपंतांना भेटीला बोलावून दगा केला आणि त्यांचा खून झाला. पण मोहिमा थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात ओडिशाचा महसूल आणि वर्षाला बारा लाखांची बंगालची चौथाई नागपूरच्या पदरात पडली. कटकपासून वऱ्हाडपर्यंतचा पैसा नाग नदीच्या काठी येऊ लागला.

त्या पैशाचं शहर म्हणजे महाल आणि त्याच्या भोवतीच्या पेठा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिवारी या वारांच्या वस्त्या, सरदारांचे वाडे, देवळं, विणकरांच्या आणि सोनारांच्या गल्ल्या. शहराबाहेर तेलंगखेडी, सोनेगाव, सक्करदरा इथे तलाव आणि बागा. दुसऱ्या रघूजींचा राजवाडा काळ्या बसाल्ट दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीव काम भरगच्च होतं. तो १८६४ मध्ये जळाला. मोठा दरवाजा तेवढा वाचला, असं इंपीरियल गॅझेटियर सांगतं. भोसल्यांच्या समाध्या दक्षिणेला शुक्रवारी भागात आहेत. महालातून त्या बाजूला जाताना जुन्या वाड्यांचे कोरीव सागवानी खांब अजून अधूनमधून दिसतात, अर्थात दरवर्षी थोडे कमी.

उतरण लागली १८०३ मध्ये. इंग्रजांशी लढाईत भोसल्यांचा आडगावला पराभव झाला, पंधरवड्याने गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड हातचा गेला. राजधानीत इंग्रज रेसिडेंट येऊन बसला. त्याने वस्तीसाठी जागा निवडली ती शहराच्या तटाबाहेर पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकडीजवळ. पुढच्या दीडशे वर्षांचं नागपूर कोणत्या दिशेला वाढणार हे त्या दिवशीच ठरलं.

सीताबर्डीची लढाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. ती त्याहून अधिक जागा मागते. दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. कारभार हाती घेतलेल्या अप्पासाहेबांनी त्याच वर्षी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, आणि पुढच्या वर्षी, गादीवर असलेल्या परसोजींच्या मृत्यूनंतर, ते स्वतः गादीवर आले. पण मन पेशव्यांकडे ओढत होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशवे बाजीरावांनी इंग्रजांशी उघड युद्ध सुरू केलं होतं. त्याच बाजीरावांनी अप्पासाहेबांना सेनासाहेब सुभा हा किताब आणि वस्त्रं पाठवली. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी ती भर दरबारात समारंभपूर्वक स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला त्याचा अर्थ समजला. दुसऱ्या दिवशी त्याने छावणीतली फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणून ठेवली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. इंग्रजांकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम दीड हजार माणसं, बहुतेक हिंदी शिपाईच. समोर भोसल्यांची अनेक पटींनी मोठी फौज, आणि तिच्यात अरबांच्या तुकड्या सर्वांत कडव्या. २७ तारखेच्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली. तोफ तिथे वळवून त्यांनी मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. लढाई जवळपास हातात आली होती. त्याच वेळी बंगाल घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड वरच्यांची इच्छा नसताना आपले तीनेक पथकांचे स्वार घेऊन रेसिडेन्सीच्या आवारातून सुटला आणि भोसल्यांच्या स्वारांची फळी त्याने फोडली. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर दारूचा गाडा उडाला. गोंधळाचा फायदा घेऊन शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

डिसेंबरच्या मध्याला इंग्रजांची कुमक आली आणि अप्पासाहेब जेंकिन्सच्या स्वाधीन झाले. तरी महालातल्या अरबांनी शहर सोडलं नाही. राजवाड्याच्या भोवतीच्या गल्ल्यांमध्ये ते महिनाअखेरपर्यंत लढत राहिले आणि मग अटी मान्य करवून घेऊनच बाहेर पडले. नागपूरची शेवटची लढाई टेकडीवर नव्हे, पेठांमध्ये झाली, हे लक्षात ठेवायला हवं.

राजधानी पडली तरी पूर्वेकडचा मुलूख लगेच शांत झाला नाही. १८१८ मध्ये अप्पासाहेब कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. त्यांच्या बाजूने वैनगंगेपलीकडे कामठ्याच्या जमीनदाराने, चिमणा पाटलाने, बंड उभारलं. कामठा आजच्या गोंदिया शहरापासून जवळ आहे. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने तिथली गढी घेतली तेव्हा ते बंड मोडलं. अप्पासाहेब असीरगडाकडून पंजाबात आणि शेवटी जोधपूरला गेले. १८४० मध्ये तिथेच वारले.

नंतर इंग्रज रेसिडेंटांनी अल्पवयीन राजाच्या, तिसऱ्या रघूजींच्या, नावाने १८३० पर्यंत राज्य चालवलं. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला जेंकिन्सचा या मुलखावरचा अहवाल आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. पिकं, कर, जाती, रस्ते, तलाव, सगळं त्यात आहे. जिंकलेला मुलूख समजून घेण्याची ती चिकाटी मान्य करावीच लागते. त्या समजुतीचा उपयोग पुढे कसा झाला, हेही सांगावं लागतं.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. त्यानंतर राजवाड्यात जे घडलं त्याचं वर्णन जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच केलं आहे, आणि त्यात त्याची लाज लपलेली नाही. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले गेले. दागिने कलकत्त्याला विकायला गेले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी सामान हलवलं तर राजवाडा पेटवून देईन असं बजावलं. तीन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला तेव्हा याच बांकाबाईंनी मात्र नागपूर शांत ठेवलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल, त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

२ नोव्हेंबर १८६१ ला नागपूरचा मुलूख आणि सागर–नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत तयार झाला. राजधानी नागपूर. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आला. त्याच्या काळात १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय उभं राहिलं, नागपूरकरांचा अजब बंगला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. भोसल्यांचं महाराजबाग उद्यान नव्या सरकारच्या हाती गेलं. अंबाझरीचा तलाव मोठा करून शहराला नळाचं पाणी दिलं गेलं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेचे रूळ गोंदियावरून छत्तीसगडकडे निघाले, तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धान राजधानीच्या बाजारात काही तासांत पोचू लागला.

सिव्हिल लाइन्स याच काळात आकाराला आलं. सीताबर्डीच्या पलीकडे रुंद रस्ते, मोठी आवारं, कचेऱ्या आणि बंगले. १८९१ मध्ये चीफ कमिशनरसाठी बांधलेलं घर पुढे राजभवन झालं. इकडे तटातल्या शहरात घरावर घर चढत होतं. १९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या १,२७,७३४ भरली. त्यांतले बहुतेक जण टेकडीच्या पूर्वेला राहत होते आणि राज्य पश्चिमेकडून चालत होतं.

टेंपलच्या राजवटीतला एक निर्णय मात्र दगडात दिसत नाही, आणि बोदलकशाच्या परिसराला तोच सर्वांत खोल लागला. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत गावच्या पाटलांना आणि मक्तेदारांना जमिनीचे मालक करण्यात आलं. मालगुजार हा वर्ग त्यातून पक्का झाला. गावोगावचे तलाव त्यांच्या मालकीचे झाले. चांगला मालगुजार पाळ दुरुस्त करायचा, गाळ काढायचा, पाण्याच्या पाळ्या लावायचा. दुसऱ्या प्रकारचा मालगुजार तेच पाणी दाबून ठेवायचा.

मग आले दुष्काळ. १८९६–९७ आणि १८९९–१९००, तीन वर्षांच्या अंतराने दोनदा. सप्टेंबरचा पाऊस चुकला की धान वाळतो. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात पहिल्या दुष्काळाने हाहाकार केला. मध्य प्रांतात कालव्यांची फारशी गरज नाही, असं तोवर सरकारी वर्तुळात मानलं जात होतं. ती समजूत उपाशी माणसांच्या रांगांनी मोडली. सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला गेला आणि १९०३ मध्ये त्याचा अहवाल आला. महसूल वाढो न वाढो, दुष्काळ टाळण्यासाठी पाणी अडवावं, हा विचार त्याने पुढे रेटला. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत नागपूरच्या सरकारने वैनगंगेच्या खोऱ्यात ओळीने मोठे तलाव बांधले. रामटेकजवळचा खिंडसी, चांद्याकडचे घोडाझरी आणि आसोलामेंढा, आणि तिरोड्याकडचे बोदलकसा आणि चोरखमारा. राजधानीने आपल्या पूर्वेला दिलेली ही सर्वांत टिकाऊ देणगी म्हणावी लागेल. शंभर वर्षं झाली, या तलावांच्या पाण्यावर आजही रोवण्या होतात.

ज्या काळात या पाळी चढत होत्या, त्याच काळात सिव्हिल लाइन्समध्ये सरकारच्या भव्य इमारती चढत होत्या. आजचं विधानभवन १९१२ ते १९१४ मध्ये बांधलं गेलं. प्रांताला विधान परिषद मिळाली आणि तिची पहिली बैठक १९१४ मध्ये भरली. जवळच झीरो माइलचा स्तंभ आहे. १९०७ चा हा दगड मुळात मोजणी खात्याचा, समुद्रसपाटीपासूनची सुमारे १,०२० फूट उंची दाखवणारा. देशाचा मध्यबिंदू म्हणून तो लोकांच्या मनात बसला आणि आज शहरात सर्वाधिक छायाचित्रं त्याचीच निघतात. लाल-पिवळसर दगडाचं रेल्वे स्टेशन १९२५ मध्ये गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उघडलं.

आणि जुनं शहर व सिव्हिल लाइन्स या दोन शहरांमधली अदृश्य रेघ ओलांडण्यासाठी १९२३ मध्ये माणसं तुरुंगात गेली. एप्रिलमध्ये जालियनवाला दिनाची मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघाली तेव्हा पोलिसांनी ती अडवली आणि मारहाण केली. उत्तर म्हणून १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची तुकडी चरख्याचा झेंडा घेऊन शहरातून निघायची, सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवर अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जून महिन्यात सत्याग्रहाचं नेतृत्व करणारे जमनालाल बजाज पकडले गेले. मग वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व घेतलं. देशभरातून तुकड्या आल्या, हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह थांबला. एवढा संघर्ष झाला तो एका वस्तीतून चालत जाण्याच्या हक्कासाठी. आज त्या रस्त्यावरून कोणीही जातो. तिथे थांबून ही गोष्ट सांगणारा एखादा वाटाड्या नागपूरला हवा आहे.

१९३६ मध्ये नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. त्याची इमारत दिल्लीत लुट्येन्सबरोबर काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुकाराने आखली. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तिचं उद्घाटन केलं. फिकट दगड, मध्यभागी मोठा घुमट, समोर मोकळी जागा. राजधानीसाठी बांधलेली ही शेवटची मोठी वास्तू, आणि बहुधा सर्वांत देखणी. राजधानीच्या कामी ती सोळा वर्षंच आली.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं नाव मध्य प्रदेश झालं. नागपूर राजधानीच राहिलं, रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री राहिले. नागपूरच्या विधिमंडळाने १९५० मध्ये मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. शतकाजवळ पोचलेली एक व्यवस्था एका दिवसात संपली. मालगुजारांचे तलाव सरकारचे झाले. भंडारा–गोंदियात त्यांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कायदा न्याय्य होता. पण पाळीवर वर्षभर लक्ष ठेवणारं, गाळ काढायला गाव जमवणारं कोणी उरलं नाही, आणि सरकारी खात्याला हजारो लहान तलाव सांभाळणं कधी नीट जमलं नाही. गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणं झाली. बोदलकशासारखे मोठे सरकारी तलाव त्यातून वाचले. लहान तलावांचं नुकसान अजून भरून आलेलं नाही.

तोवर भाषावार प्रांतरचनेची मागणी पेटली होती. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. मराठी मुलूख एकत्र आला तर सरकारने ठरावीक काळ नागपुरात यावं आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथे घ्यावं, असं त्यात ठरलं. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने मात्र नागपूर राजधानी असलेल्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मान्य झाली नाही.

१९५६ चा शरद ऋतू नागपूरच्या इतिहासात सर्वांत दाट आहे. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांतून माणसं बैलगाड्यांनी आणि पायी आली होती. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना अमलात आली. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. सरकारी राजधानी ज्या महिन्यात शहर सोडून गेली, त्याच्या आदल्या महिन्यात लाखो माणसांसाठी इथे दुसरी राजधानी तयार झाली होती, आणि ती कोणत्याही कायद्याने हलवता येणारी नव्हती. दीक्षाभूमीचा स्तूप पुढे २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे जितकी माणसं येतात, तितकी नागपूरच्या कुठल्याच राजाच्या दरबारात आली नसतील.

राजधानीपण गमावणारं नागपूर त्या काळात एकटं नव्हतं. दक्षिण अमेरिकेत १७६३ पासून ब्राझीलची राजधानी असलेल्या रिओ द जानेरोवर हीच वेळ आली. २१ एप्रिल १९६० ला पठारावर नव्याने बांधलेल्या ब्राझीलियात सरकार हललं. लुसिओ कोस्ताचा आराखडा, ऑस्कर निमायरच्या इमारती, आणि त्यांच्या बाजूला पाणी अडवून केलेला पारानोआ तलाव. नवी राजधानी वसवताना तलाव बांधण्याची गरज तिथेही पडली. रिओतला राष्ट्राध्यक्षांचा कातेते प्रासाद संग्रहालय झाला. बरोबर दहा दिवसांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य जन्माला आलं आणि नागपूर मुंबईच्या राज्यातलं दुसरं शहर म्हणून कायम झालं.

पण नागपूरच्या इमारतींचं संग्रहालय झालं नाही. मेडच्या घुमटाखाली मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ भरू लागलं. विधानभवनात १९६० पासून हिवाळी अधिवेशन भरतं. डिसेंबर जवळ आला की आमदार निवास रंगवलं जातं, रविभवन आणि नागभवनात मंत्र्यांची सोय होते, रामगिरीवर मुख्यमंत्री येतात, आणि सीताबर्डीच्या आसपास मोर्चांची रीघ लागते. धान खरेदीचा प्रश्न घेऊन भंडारा–गोंदियाचे शेतकरीही त्यात असतात. कराराच्या वेळी मनात असलेला काळ बराच मोठा होता. प्रत्यक्षात अधिवेशन बहुधा दोनेक आठवड्यांत उरकतं. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यापासून जांबुवंतराव धोट्यांपर्यंत वेगळ्या विदर्भाची मागणी पुन्हा पुन्हा उठली, तिच्या मुळाशी ही खंत आहे. ती मागणी पटो न पटो, खंत खरी आहे.

पाण्याने मात्र जुनी नाती सोडलेली नाहीत. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. बोदलकशाखालचे नालेही शेवटी वैनगंगेकडेच जातात. राजीव गांधींनी १९८८ मध्ये ज्याची पायाभरणी केली त्या गोसीखुर्दच्या धरणात नागपूरची घाण येऊन साचते, ही तक्रार खालच्या गावांनी वर्षानुवर्षं केली आहे. राजधानी गेली, तिचं गटार मात्र खालच्या गावांच्या वाट्याला राहिलं, असं ते म्हणतात तेव्हा त्यांना उत्तर देणं अवघड आहे.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिरोड्याच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासाठी आणि नहराच्या पाण्यासाठी आता फार लांब जावं लागत नाही. मोठं काम असलं तर मंत्रालय गाठायचं. त्यासाठी विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदियाहून निघते, संध्याकाळी नागपूर ओलांडते आणि जवळपास हजार किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचते.